माकडाचा डावा कान

४ जून २०१९, मंगळवार

ठिपके सपाट आहेत!

सगळेच्या सगळे. संग्रहालयाच्या नव्या स्पर्शदालनासाठी करून घेतलेल्या पाट्यांवरचे ब्रेलचे ठिपके छापखान्याने चक्क शाईने छापले, आणि वर चकचकीत वॉर्निशही मारून दिले. आउरिस्तेलाबाईंनी पहिल्या पाटीवरून बोट फिरवले, मग तळहात फिरवला, आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाल्या, "फार गुळगुळीत आहे गं. आमच्या कर्नलकाकांच्या टकलासारखं. काय लिहिलंय त्याच्यावर?"

छापखानेवाल्याला फोन केला तर तो माझ्यावरच उखडला – "बाई, तुम्ही ठिपके दिलेत, मी ठिपके छापले. ते उठून बसायला हवेत हे मला कुणी सांगायचं, ठिपक्यांनी?"

आणि चूक त्याची एकट्याची नाही. पाट्या मी भिंतीवर लावायला सांगितल्या होत्या, डोळ्यांच्या उंचीला. म्हणजे वाचणाऱ्याने मनगट मागे मुरडून, हात वर धरून वाचायचे! बाईंनी टेबलावर, कमरेच्या उंचीला, दोन्ही हात पसरून ठेवले. "माझे डोळे इथे आहेत, नोराल्मा. इथे लाव."

हे मुद्दाम नोंदवून ठेवते आहे. यापुढे या दालनातील प्रत्येक गोष्ट आधी त्या टेबलावरच्या हातांपुढे ठेवायची, मग सुताराला बोलवायचे.

बाईंची एकच अट आहे. मोबदला नको, सत्कार नको, दालनाला नाव तर नकोच. "मला तुमचं माकड हातात हवंय. प्रतिकृती नाही. तो स्वतः."

सकाळपासून तेवढेच वाक्य कानात आहे. या किनाऱ्यावर आउरिस्तेला पाचाय म्हणजे पहाट. निवृत्त होईपर्यंत रेडिओ एन्सेनादावर पहिल्या बातम्या त्याच वाचत. त्याआधी आमच्या संग्रहालयातल्या मातीच्या माकडाची शिटी वाजे – ते संग्रहालयात आले तेव्हा एकदाच ध्वनिमुद्रित केलेली – आणि मागून बाईंचा आवाज येई: "ऐका. आपल्या पणज्यांचा पणजा बोलतोय." त्या हाकेवर कोळी होड्या लोटत, माझी आई चुलीवर केळी भाजायला ठेवी. आणि ज्या बाईने उभ्या गावाशी त्याची ओळख करून दिली, तिने त्याला कधी स्पर्श केलेला नाही! गोवरात डोळे गेले तेव्हा त्या जेमतेम चालायला लागल्या होत्या. त्यामुळे पाहिलेले असण्याचा प्रश्नच नाही.

प्रयत्न करते म्हणाले. त्या म्हणाल्या, "प्रयत्न तर छापखान्यानेही केला."

७ जून, शुक्रवार

डॉक्टर इंत्रियागोंना विचारले. आमचे संचालक सभ्य गृहस्थ आहेत. नकारही खुर्ची देऊन देतात. म्हणाले, "नोराल्मा, ते भांडं काचेबाहेर येणार नाही. माझ्या आधीच्या दोघांनी काढलं नाही, मी काढणार नाही. प्रती करून घ्या. हव्या तेवढ्या करून घ्या."

परतताना काचपेटीपाशी थांबले. एरवी शाळेच्या मुलांना जे सांगते ते स्वतःलाच सांगून पाहिले. दोन पोटे, मधून एक नळी. एका पोटाला उंच तोंड, दुसऱ्यावर बसलेले माकड – हातात कोकोचे फळ, ओठांशी नेलेले. अर्धे भांडे पाण्याने भरायचे आणि कलते करायचे. पाणी एका पोटातून दुसऱ्यात धावते, पुढची हवा ढकलते, ती हवा माकडाच्या डोक्यातल्या मातीच्या शिटीतून निसटते – आणि माकड बोलते. फुंकर कुणाचीच नाही! श्वास पाण्याचा आहे. तीन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी हे सुचले, याचे मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटते, आणि ते मी मुलांपासून लपवत नाही.

अंगावरचे रंगाचे पट्टे मात्र वाकडे आहेत, काही तर एकमेकांवर चढलेले. व्याख्यानात मी त्याला 'रेषेचे आदिम स्वातंत्र्य' म्हणते. शिक्षकांना हा शब्दप्रयोग फार आवडतो, ते लिहून घेतात.

१२ जून, बुधवार

प्रती करून घ्यायच्या म्हणून कुंभारांच्या गावी, ग्वायाकानला जाऊन आले. बारीक धुके, अंगाला चिकटणारे. रस्ता दिसत नव्हता तरी बसवाला गात होता.

उल्बियो उस्तादांचे घराणे म्हणजे आधी जमिनीतून भांडी उपसणारे आणि उपसण्यासारखे संपल्यावर तशीच घडवणारे. वडील तेओफानेस – त्यांचे नाव अजून आदराने आणि थोडे हसून घेतात इथे. कार्यशाळेत एकच खिडकी. दिवा टांगायला आकडासुद्धा नाही.

"म्हातारा कंजूष हो!" उस्ताद म्हणाले. "रॉकेल जळेल म्हणून दिवा लावू द्यायचा नाही. आणि काम करताना मातीकडे बघायचाच नाही. तोंड अंगणाकडे, हात मांडीत. वाटायचं, कोंबड्यांवर लक्ष ठेवून आहे. मी चुकलो की मात्र तिकडेच तोंड ठेवून म्हणायचा – उल्ब्या, मान जाड झाली."

मी माकडाची मापे देऊन मागणी नीट समजावून सांगितली. प्रती अखंड हव्यात. स्वच्छ हव्यात. जुन्या दिसायला नकोत, कारण दिसण्याचा इथे संबंधच नाही.

उस्ताद पार हबकले. "न फुटलेलं? न मळलेलं? बाई, मग त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?"

"हातांना फसवायचं नाहीये उस्ताद. हातांना सांगायचंय."

"बरं बाई. पण मला जड जाईल."

त्यांच्या बायकोने भाजलेल्या केळ्यावर शेंगदाण्याची काळी चटणी भुरभुरून दिली. दोन खाल्ली. तिसरे पिशवीत घातले तिने, मी नको म्हणत असताना.

१४ जून, शुक्रवार

आज जे पाहिले ते क्रमाने लिहिते, नाहीतर उत्साहाच्या भरात हातचे निसटेल.

भिंतीवरच्या मिरवणुकीच्या चित्राचा उठावदार नमुना करून घेतला होता – प्रत्येक माणूस, प्रत्येक पीस वर उचललेले. मला अभिमान होता त्याचा. बाईंनी हात ठेवला आणि चटकन काढला. "गांडुळांचा ढीग आहे हा!" मग समजावून सांगितले. डोळ्याला आधी सगळे मिळते, मग तुकडे. हाताला आधी तुकडा मिळतो, आणि सगळे त्याचे त्याने बांधायचे असते. एका जागी दहा रेषा दिल्या की बांधणाऱ्याला पायाच सापडत नाही.

मग मी त्यांच्यापुढे एक साधे मडके ठेवले आणि नुसती पाहत बसले. पहिल्यांदा दोन्ही तळवे दोन बाजूंनी, हलकेच: केवढे आहे? मग डावा हात बुडाशी जाऊन थांबला. तो पुढे हललाच नाही! सारा प्रवास उजव्याने केला. डावा होडीच्या नांगरासारखा तिथेच. उजवा कुठेही गेला तरी डाव्यापासून किती दूर आहे ते त्यांना कळत होते. म्हणजे मडके त्यांच्या दोन हातांमधल्या अंतरात उभे राहत होते. इतकी वर्षे 'स्पर्श' हा शब्द मी व्याख्यानांतून वापरते आहे, आणि ती एक क्रिया असते, तिला व्याकरण असते, हे आज कळले.

मीही डोळे बांधून बसले. बाईंनी काहीतरी पुढे सरकवले. मी बराच वेळ चाचपून म्हणाले – दिवा? घंटा? लिंबू पिळायचे यंत्र निघाले, माझ्याच खोलीतले.

"घाई करतेस," त्या म्हणाल्या. "तू ओळखायला बघतेस. आधी भेट तरी."

मग हळूच, वेगळ्याच आवाजात – "माकडाचं काय झालं?"

डॉक्टर नाही म्हणाले, असे सांगितले. त्यांनी लिंबाचे यंत्र परत माझ्या हातात दिले.

२७ जून, गुरुवार

प्रती आल्या. प्रत्येकीचा डावा कान फुटलेला!

सगळ्या माकडांचा. शिवाय अंगावर चिखल लिंपलेला, आणि एकाची शेपटी मोडून पुन्हा जोडलेली. फोनवर उस्ताद रडवेले झाले होते. "बाई, आईशपथ, मी अखंडच केली होती. भट्टीतून काढली, ओळीने मांडली, आणि हातानं आपलं आपण करून टाकलं. बाबांची शिकवण – सगळ्यात शेवटी कोयत्याच्या मुठीनं डाव्या कानावर एक टोला, वरून खाली, तिरका. ज्याला लागलेलं नाही त्याला कुणी मान देत नाही, म्हणायचे."

मी कपाळाला हात लावून बसले होते. आउरिस्तेलाबाई मात्र एक प्रत मांडीवर घेऊन इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावे लागले. चिखल धुऊन टाकू, पण कान असाच राहू दे, म्हणाल्या. का, तर त्या खाचेत बोटाचे पेर बरोबर बसते आणि माकडाचे तोंड कुठे आहे ते क्षणात कळते. "हा दरवाजा आहे. इथून आत शिरायचं."

चूक म्हणून आलेली गोष्ट सोय होऊन बसली. कान राहणार.

२९ जून, शनिवार

कोळ्यांच्या संताचा, सान पेद्रोचा सण. गावात ढोल, समुद्रात होड्यांची मिरवणूक. सुतार, रंगारी, छापखाना – सगळे पिऊन पडलेले. मीही नाचले थोडी.

४ जुलै, गुरुवार

परवानगी मिळाली!!

मिळवली ती बाईंनी. सरळ इंत्रियागोंच्या खोलीत गेल्या. मी फक्त दार धरून उभी होते. म्हणाल्या, "डॉक्टर, मी रोज पहाटे या गावाला सांगत आले की हा आपल्या पणज्यांचा पणजा. ज्याला भेटले नाही त्याची ओळख करून देत राहिले. अशा बाईला आमच्या गल्लीत लबाड म्हणतात. म्हातारी झालेय मी. लबाड म्हणून मरायचं नाही मला."

डॉक्टर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, हातमोजे घालून.

"तुम्ही डोळ्यांवर ओला पंचा बांधून समुद्र बघा, मी हातमोजे घालते."

ते हसले, आणि तिथेच हरले. सोमवारी, संग्रहालय बंद असताना. अंगठ्या-घड्याळ काढून, हात कोपरापर्यंत धुऊन, बसून, खाली जाड गादी. पाणी नाही, फुंकर नाही. बाई सगळ्याला हो म्हणाल्या.

८ जुलै, सोमवार

कुठून सुरुवात करावी?

बाईंनी हात धुतले. पुन्हा धुतले. डॉक्टरांनी स्वतः कुलूप उघडले आणि माकड गादीवर ठेवले. मी काहीच बोलायचे नाही असे मला आधीच बजावलेले होते.

त्यांचे हात भांड्याजवळ जाऊन हवेतच थांबले – स्पर्श न करता, दोन्ही बाजूंना, शेकोटीजवळ धरावेत तसे. मग तळवे टेकले. त्यांनी एक श्वास सोडला. डावा हात बुडाशी थांबला. उजवा निघाला: पहिले पोट, नळी, दुसरे पोट, गुडघा, दुसरा गुडघा. शेपटीच्या खाली. फळाच्या मागे. मग माकडाच्या मुठीत त्यांची करंगळी शिरली, आणि त्या उद्गारल्या, "मूठ आतून पोकळ आहे! आणि आत बोटांची पेरं आहेत. नखंसुद्धा! नोराल्मा, हे तू मला कधी सांगितलं नाहीस!"

मला माहीतच नव्हते. कुणालाच माहीत नव्हते! डॉक्टर विजेरी घेऊन वाकले, डोके तिरके करून पाहिले, मीही पाहिले – फळ आड येते. तिथे डोळा पोचूच शकत नाही. ज्या जागी कुणीही कधी पाहणार नाही तिथे कुणीतरी पेरे घडवली, नखे घडवली, आणि एका म्हाताऱ्या बाईची करंगळी तिथे जाईपर्यंत ती तशीच मिटून राहिली. डॉक्टर विजेरी बंद करून म्हणाले, "धन्य आहे." त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

बाई रडत होत्या, पण हात थांबलेला नव्हता. तो डोक्यावर चढला, डाव्या कानापाशी आला.

आणि थांबला.

पुन्हा गेला. पेर खाचेत बसले. "नोराल्मा," त्या शांतपणे म्हणाल्या, "उल्बियोचं एक आण बरं."

आणले. एक हात याच्या कानावर, एक त्याच्या. बराच वेळ. मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले, डॉक्टरांचे रीतसर आभार मानले आणि उठल्या. फाटकाबाहेर मला म्हणाल्या, "दोन्ही कानांवर तोच टोला आहे. वरून खाली, तिरका."

त्या कानाचा टवका मी रोज पाहत आले आहे; जुनी भांडीही फुटतात, असे मी समजावू लागले. हजारो वर्षे मातीच्या दाबाखाली, कानासारखा बाहेर आलेला भाग सर्वांत आधी –

"पोरी," त्यांनी मला मध्येच तोडले, "शिकवू नकोस."

९ जुलै, मंगळवार

शाळेची सहल आली होती. 'तीन हजार वर्षे' हे शब्द तोंडातून निघेनात.

११ जुलै, गुरुवार

बाईंना घेऊन ग्वायाकानला गेले. त्या कार्यशाळेच्या दारात बसल्या, अंगणाकडे तोंड करून. उस्तादांच्या बायकोने त्यांच्या मांडीवर जुन्या खापरांची टोपली ठेवली. त्या एकेक खापर चाचपत बसल्या. मी उस्तादांना विचारले, संग्रहालयातले माकड तुमच्या बाबांनी केलेले का. आडपडदा ठेवला नाही.

ते आधी हसले. मग हसू विरले.

"आईनं केळीच्या पानात गुंडाळून तुमच्या संग्रहालयात विकायला नेलं होतं ते. मी लहान होतो, पण आठवतं. जमिनीतून अखंड कधी निघालंच नाही बाई, कुणालाच. निघायची ती खापरं. बाबा एकेक खापर मांडीत घेऊन दिवसच्या दिवस चोळत बसायचे. मग म्हणायचे, आता कळलं. आणि करायचे."

"तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"विचारलं कुणी? तुमच्याकडची माणसं पडदा अन् चित्रं दाखवायचं यंत्र घेऊन यायची, आमच्या पणज्यांची माहिती आम्हालाच सांगायला. आई म्हणायची, ऐकून घ्या, चहा पाजा. आणि संग्रहालयाकडे फिरकू नका, एवढंच बाबांनी बजावलेलं. मी कधी गेलो नाही."

बोलताना त्यांचे डोळे सारखे बाईंच्या हातांकडे जात होते. काहीतरी आणखी सांगायचे असावे असे वाटले, पण ते उठून भट्टीकडे गेले.

बसमध्ये बाई खिडकीला डोके टेकून होत्या. म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी ग्वायाकानच्या एका माणसाला पणजा म्हणत होते. आणि परवा रडले कुणासाठी?"



१३ जुलै, शनिवार

डॉक्टरांना सांगितले. सांगणे भाग होते. ते काचपेटीकडे पाठ करून उभे राहिले. म्हणाले, मातीची तपासणी करून घेऊ, निकाल येईपर्यंत वाच्यता नको. पेटीला कुलूप राहील. स्पर्शदालन ठरल्या दिवशी उघडेल, प्रतींसह.

"प्रतींसह" म्हणताना त्यांचे त्यांनाच कसेतरी झाले.

तरी त्या मुठीचे काय? रेषा अशा वाकड्या आणि न दिसणारी नखे इतकी अचूक – असा कारागीर असतो का? फसवायला बसलेला माणूस, जे कुणालाच दिसणार नाही त्यावर इतके कष्ट का घेईल? हा प्रश्न मी दोन दिवस सर्व बाजूंनी तपासते आहे. कुठूनही आत शिरता येत नाही.

१५ जुलै, सोमवार

बाई फोन घेत नाहीत. घरी गेले तर भाचीने दारातूनच सांगितले – "मावशी म्हणते, आता पाट्या उठावदार झाल्यात, टेबलं नीट आहेत, तिचं काम संपलं. उद्घाटनाला नाही येणार ती." आत रेडिओ बंद होता. त्या घरात रेडिओ बंद असलेला मी कधी ऐकला नव्हता.

१७ जुलै, बुधवार

उस्ताद आले. इस्त्रीचा सदरा, हातात टोपी – जन्मात पहिल्यांदा संग्रहालयात. काचपेटीपुढे उभे राहिले, आणि बाईंबद्दल विचारले. म्हणाले, "त्या दिवशी त्या दारात बसल्या होत्या ना – तोंड अंगणाकडे, खापर मांडीत. बाबाच बसलेत असं वाटलं. मी जन्मायच्या आधीच चुन्याच्या भट्टीनं त्यांचे डोळे गेले होते, बाई. आंधळ्याकडून प्राचीन वस्तू कोण घेणार? म्हणून आईनं कुणाला कळू दिलं नाही. रंगाचे पट्टे ओढायला ती बसायची शेजारी, पण बाबा ब्रश देत नसत."

मी तिथूनच भाचीला फोन लावला आणि तो बाईंच्या कानाला लावायला सांगितला. जसे ऐकले तसे, एकही शब्द न वाढवता सांगितले. पलीकडे नळ सोडल्याचा आवाज आला.

"डॉक्टरांना म्हणावं कुलूप काढा," बाई म्हणाल्या. "मी हात धुतेय."